पावापुरी खाते

बार्शीच्या आमच्या आडत पेढीत लाल कापडी बांधणीच्या जुन्या वह्यांचा एक पेटारा आहे. त्यातील सर्वांत जुनी खतावणी विक्रम संवत २०११ ची, म्हणजे १९५४ च्या दिवाळीत पूजलेली. तिच्या पहिल्या पानावर दादाजींच्या हस्ताक्षरात विक्रम संवताच्या शेजारी ‘वीर संवत २४८१’ असे लिहिलेले आहे. चार-पाच पाने उलटली की शेतकऱ्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या खात्यांच्या मध्येच एक वेगळे खाते लागते. त्याचे नाव ‘पावापुरी’. जमेच्या बाजूला एकच रक्कम: रुपये अकरा, मिती लक्ष्मीपूजन.

पुढच्या वर्षीच्या वहीत पुन्हा अकरा. १९७० पासून एकावन्न. अशी तेहतीस वर्षे. दादाजींना पावापुरीला जायचे होते आणि जायचे ते भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या दिवशीच, असा त्यांचा आग्रह होता. एरवी केव्हाही जाऊन येणे त्यांना जमले असते. परंतु निर्वाणाचा दिवस म्हणजेच लक्ष्मीपूजनाचा दिवस. ज्या पहाटे पावापुरीच्या जलमंदिरात असावयाचे, त्याच संध्याकाळी बार्शीच्या गादीवर नवी वही उघडावयाची. तेहतीस वर्षे दादाजींनी वही उघडली. १९८७ च्या उन्हाळ्यात ते गेले तेव्हा खात्यावर १,०४३ रुपये शिल्लक होती. त्या काळी तेवढ्यात दोघांची यात्रा सुखाने झाली असती. पैसा होता, दिवस नव्हता.

खात्यात यानंतर एकच नोंद आहे. १९८८ साली माझ्या वडिलांनी ती केली. त्या वर्षी दुकानाला ओढ होती. ‘पावापुरी खाती नावे १,०४३, दुकान खाती जमा.’ खाली रेघ. खाते बंद.

धर्माच्या नावाने बाजूला काढलेली रक्कम व्यापारात वापरू नये, हे आपल्या समाजात लहान मुलालाही सांगावे लागत नाही. वडिलांनाही ते ठाऊक होते. पुढल्या वर्षी परत करू, असेच त्यांच्या मनात असणार. परंतु पुढल्या वर्षांना अंत नसतो. २००९ साली वडील निवर्तले. मला ही नोंद दिसली ती फार पुढे, २०२४ च्या पावसाळ्यात, पेटाऱ्याला वाळवी लागली म्हणून वह्या उन्हात काढल्या तेव्हा. मी ती बाईंना, म्हणजे माझ्या आईला, दाखवली. त्यांचे वय ब्याऐंशी. त्यांनी चष्मा न लावताच सांगितले, “मला ठाऊक आहे. तुझे वडील त्या रात्री जेवले नव्हते.”

मी म्हटले, “व्याजासकट रक्कम आजच तीर्थाच्या पेढीवर पाठवतो.”

“मुद्दल पाठवशील. व्याज पैशाने फिटायचे नाही. व्याज म्हणून तू स्वतः चल, आणि त्याच दिवशी चल.”

त्याच दिवशी! म्हणजे लक्ष्मीपूजन सोडून. मी तीन दिवस कारणे शोधत राहिलो. खरे पाहता ती वहीदेखील आता शोभेचीच राहिली आहे. पूर्वी व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीला संपे आणि दिवाळीला सुरू होई. प्राप्तिकर कायद्याने १९८९ पासून सर्वांचे हिशेबी वर्ष मार्चअखेरचे केले. आमचा हिशेब आता संगणकात असतो आणि लक्ष्मीपूजनाच्या वहीत पहिल्या पानापलीकडे काही लिहिले जात नाही. तरीही त्या संध्याकाळी गादीवर मी नसावे, ही कल्पना सोसत नव्हती. ज्या पुरुषाने वही उघडली नाही त्याची पेढी चालेल का, असा एक जुना धाक मनाच्या तळाशी असतो. शेवटी चिरंजीवांना बोलावून सांगितले, “यंदा तू बसशील.”

एकाच अमावास्येची दोन नावे

पुण्याहून दानापूरकडे जाणारी गाडी दिवाळीच्या आधी कशी असते, हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगून पटणार नाही. आरक्षित डब्यातही पाय ठेवण्यास जागा नव्हती. पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण येथे वर्षभर राबणारा बिहार दिवाळी आणि छठसाठी घरी निघाला होता. आमच्या समोरच्या बाकावर बिहारशरीफजवळच्या गावचा एक गवंडी होता. त्याच्या पिशवीत मुलीसाठी रंगीत कागद होते. त्यांच्याकडे दिवाळीत मुली मातीचे छोटे घर बांधतात, त्याला ‘घरौंदा’ म्हणतात. त्यात मातीच्या बोळक्यांतून लाह्या आणि साखरेची खेळणी भरतात. मला आमच्या अंगणातले मातीचे किल्ले आठवले.

बाईंनी त्याला विचारले, “तुमच्याकडे दिवाळी कधी?”

“गुरुवारी, माताजी.”

“आमच्याकडे शुक्रवारी.”

त्या वर्षी असे खरोखरच झाले होते. अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागत होती आणि १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपत होती. बिहारने ३१ ची संध्याकाळ धरली. आमच्या पंचांगांनी १ नोव्हेंबरची. नावातही असाच भेद आहे. महाराष्ट्र-गुजरातेत महिना अमावास्येला संपतो, म्हणून आपण हिला आश्विन अमावास्या म्हणतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिकडे तीच कार्तिक अमावास्या. आपल्या ग्रंथांत प्रभूंचे निर्वाण कार्तिक वद्य अमावास्येला सांगितले आहे आणि बार्शीच्या घरातील दिनदर्शिकेत तो दिवस आश्विनात दिसतो, याचे लहानपणी मला मोठे कोडे वाटे. आकाशातील चंद्र एकच. माणसांनी महिन्याची रेघ वेगळ्या ठिकाणी ओढली आहे.

दिगंबर आणि श्वेतांबर परंपरांतही त्या रात्रीची मोजणी निराळी आहे. दिगंबर बांधव चतुर्दशीची रात्र सरून अमावास्या उजाडते त्या प्रत्यूषकाळी निर्वाण मानतात. श्वेतांबर परंपरेत ती वेळ अमावास्येच्या रात्रीच्या अखेरच्या प्रहराची. दोन्हीकडे वेळ पहाटेची; मध्ये अंतर एका दिवसाचे.

राजगृहाची नावे

पाटण्याहून आम्ही प्रथम राजगीरला गेलो. बाईंना पाच पहाड चढणे शक्य नव्हते. खाली गरम पाण्याच्या कुंडांपाशी बसून त्यांनी वैभारगिरीकडे हात जोडले. प्रभूंच्या दीक्षेनंतरच्या ४२ चातुर्मासांपैकी १४ राजगृह आणि नालंदा परिसरात झाले, असे कल्पसूत्र सांगते. हे सारे वाचलेले होते. परंतु त्या डोंगराखाली उभे असताना मला आठवले ते आमच्या वहीचे पहिले पान.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ते पान सारखेच असते. केशराचा स्वस्तिक, वरून खाली वाढत जाणारी ‘श्री’ची उतरंड, नागवेलीचे पान, सुपारी, नाणे. मग मागणे: गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, अभयकुमाराची बुद्धी, कयवन्ना शेठचे सौभाग्य, बाहुबलीचे बळ. गेली चाळीस वर्षे मी हे लिहीत आलो. ही माणसे कोठली, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. शालिभद्र राजगृहाचा. अभयकुमार राजगृहाचा, श्रेणिक राजाचा पुत्र आणि मंत्री. कयवन्नाही तेथलाच. गौतमस्वामी याच मगधातील गोब्बर गावचे. बार्शीतील डाळ-दाण्याच्या दुकानाची वही दर वर्षी या दहा-बारा कोसांतील माणसांची नावे घेऊन उघडते.

आणि ही माणसे कोण? शालिभद्राजवळ एवढी संपत्ती होती की राजा श्रेणिक ती पाहण्यास त्याच्या घरी आला. ‘आपले स्वामी आले आहेत’ असे आईने सांगितले तेव्हा आपल्यावरही कोणी स्वामी आहे, हे त्या तरुणाला प्रथम समजले. त्या एका शब्दाने त्याचे मन उडाले. त्याने सारे सोडून प्रभूंजवळ दीक्षा घेतली आणि शेवटी याच वैभारगिरीवर अनशन केले. अभयकुमारानेही राज्याचा मोह सोडून दीक्षा घेतली. ज्यांची ऋद्धी आणि बुद्धी आपण मागतो, त्यांनी ती हाती असताना खाली ठेवली होती. आपण मागताना अर्धीच ओळ लिहितो.

बाईंना मी हे म्हणालो. त्या म्हणाल्या, “दादाजींना हे माहीत होते. म्हणून तर ते खाते उघडले.”

वाटेत सिलाव गावी खाजा घेतला. अनेक पदरांचा, हलका, हाताने दाबताच भुरभुरणारा. सूर्यास्तापूर्वी पावापुरीत पोहोचून तो खाल्ला आणि पाणी घेतले. अंधार पडला तसे गावातील घराघरांवर दिवे लागले. ३१ ऑक्टोबर; बिहारची दिवाळी.

लेखकांच्या सभेत

पावापुरीचे जुने नाव अपापापुरी, पाप नसलेली नगरी. आयुष्याच्या बहात्तराव्या वर्षी प्रभूंनी शेवटचा चातुर्मास येथे केला. तो कोठे केला, याचा तपशील कल्पसूत्रात आहे: हस्तिपाल राजाच्या रज्जुक सभेत. रज्जुक म्हणजे जमिनीची मोजणी आणि महसुलाचा लेखाजोखा ठेवणारे राजाचे अधिकारी. त्यांची ती कचेरी, लेखनशाळा. राजवाडा नव्हे, उद्यान नव्हे; जेथे लोक हिशेब लिहीत त्या जागेत तीर्थंकरांनी अखेरचे चार महिने काढले.

मुनिराजांच्या व्याख्यानात ‘रज्जुक सभा’ हे शब्द मी पर्युषणात दर वर्षी ऐकले असतील. त्यांचा अर्थ तेथे, त्या गावात, कानात शिरला. त्या कारकुनांच्या सभेत प्रभूंनी दोन दिवसांचे उपोषण करून अखंड देशना दिली. ती कशाविषयी होती? कर्माच्या फळांविषयी. पुण्याचे फळ काय, पापाचे फळ काय, याची पंचावन्न अध्ययने; आणि कोणी न विचारताच सांगितलेली छत्तीस उत्तरे. म्हणजे जमा काय आणि नावे काय, याचेच ते विवरण होते. वही-पूजन आणि निर्वाण हे दोन परके सण एका तिथीला चुकून एकत्र आले आहेत, असे मी आजवर समजत होतो. हिशेबाच्या जागेतच तो शेवटचा हिशेब सांगितला गेला, हे मला बासष्टाव्या वर्षी कळले.

गावमंदिर हे निर्वाणाचे स्थान. तेथून थोड्या अंतरावर कमलसरोवर आणि त्याच्या मध्यभागी जलमंदिर, प्रभूंच्या अंत्यसंस्काराची जागा. कथा सर्वांना ठाऊक आहे. देहसंस्कारानंतर प्रत्येकाने चिमूटभर रक्षा मस्तकी लावावयास घेतली. रक्षा सरली तशी माती घेतली. आणि घेणारे एवढे होते की तेथे खड्डा झाला, त्यात पाणी साचले, सरोवर झाले. त्याचा विस्तार परंपरेने ८४ बिघे सांगतात. प्रभूंचे ज्येष्ठ बंधू नंदिवर्धन यांनी तेथे मंदिर उभारले अशी श्रद्धा आहे. आजचे मंदिर शुभ्र संगमरवरी, विमानाच्या आकाराचे; किनाऱ्यापासून तेथवर सुमारे ६०० फूट लांबीचा पूल. आत मूर्तीच्या जागी प्रभूंची चरणपादुका, बाजूला गौतमस्वामी आणि सुधर्मास्वामी यांच्या पादुका.

इतक्या मोठ्या तीर्थात पाहण्यासारखे काही नाही, असे एखाद्याला वाटेल. पाऊल आहे, पाय नाही. हजारो माणसांनी एकेक चिमूट घेऊन जे शिल्लक ठेवले, ती एक पोकळी आहे आणि तिच्यात पाणी आहे.

पहाटेचे दोन आवाज

१ नोव्हेंबरला पहाटे चारच्या आधीच आम्ही धर्मशाळेतून निघालो. काळोख होता आणि गावातून एक आवाज येत होता, एकसारखा, कोरडा, ठक्-ठक्. मी थबकलो. रस्त्यालगतच्या घरातून एक वृद्धा सूप काठीने बडवीत बाहेर आली, अंगणाच्या टोकापर्यंत गेली आणि परत फिरली. पलीकडच्या घरातूनही तोच आवाज. दिवाळीची रात्र सरताना दारिद्र्याला घराबाहेर हाकलण्याचा हा तिकडचा रिवाज. आपल्या महाराष्ट्रातही लक्ष्मीपूजनाच्या रात्री सुपे वाजवून अलक्ष्मीला बाहेर काढीत. बार्शीच्या आमच्या जुन्या वाड्यात शेजारच्या आजी हे करीत असल्याचे मला आठवते.

त्याच रस्त्यावरून पलीकडून दिगंबर बांधवांची रांग निर्वाण लाडू घेऊन जलमंदिराकडे निघाली होती. काही जण मराठीत बोलत होते, कोल्हापूर-सांगलीकडची मंडळी. एका बाजूला दारिद्र्य निघून जावे म्हणून सूप वाजत होते आणि दुसऱ्या बाजूला, ज्यांनी सारे स्वेच्छेने टाकले त्यांच्या चरणी लाडू चालला होता. दोघांनाही एकमेकांचा अडथळा होत नव्हता. सूप वाजवणारी वृद्धा रांगेला वाट देण्यासाठी क्षणभर थांबली, हात जोडले, आणि मग आपले काम पुढे चालू केले.

पुलावर कोल्हापूरकडच्या एका वयस्क गृहस्थांनी आमची परंपरा विचारली. मी सांगितली. ते हसून म्हणाले, “म्हणजे आमचे आता होते आहे आणि तुमचे उद्या पहाटे. चला, दोनदा दर्शन!” बाई त्यांच्या मागोमाग पादुकांपर्यंत गेल्या.

उजाडल्यावर सरोवराच्या काठी बसलो. पाण्यावर पक्षी उतरत होते. कल्पसूत्रातील तो प्रसंग मनात होता: काशी-कोसलचे नऊ मल्लकी आणि नऊ लिच्छवी, असे अठरा गणराजे त्या अमावास्येला पौषध-उपवासात होते. ज्ञानाचा प्रकाश गेला, आता द्रव्याचा प्रकाश करू, असा त्यांनी विचार केला आणि दिवे लावले. आपल्या दीपावलीचे मूळ आपण येथे पाहतो. त्या दिव्यांत उत्सवाइतकाच वियोगही आहे, हे मात्र रोषणाईत विसरले जाते.

या एका तिथीवर किती ठिकाणी किती दिवे लागतात! अयोध्येत रामाच्या परतण्याचे. बंगालमध्ये त्या रात्री कालीपूजा. शीख बांधव गुरू हरगोबिंद यांची ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून बावन्न राजांसह झालेली सुटका ‘बंदी छोड दिवस’ म्हणून साजरी करतात. अजमेर येथे १८८३ च्या दिवाळीला स्वामी दयानंद सरस्वतींनी देह ठेवला. आपल्याकडे पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध थांबवून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी देह ठेवला, तोही दिवाळीचाच दिवस. ज्यांच्या प्रेरणेने निर्वाणाच्या २५०० व्या वर्षी ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले, त्यांना प्रभूंची तिथी लाभली. त्या दिवशी बातमी कळल्यावर दादाजींनी दुकानाचे अर्धे दार ओढून घेतले होते आणि संध्याकाळपर्यंत ते कोणाशी बोलले नव्हते. पूजा मात्र वेळेवर केली. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. फटाके केव्हा उडवायचे, एवढीच मला चिंता होती.

पावती कोणाच्या नावे

दुपारी तीर्थाच्या पेढीवर गेलो. मुद्दलाच्या आकड्यावर किती शून्ये चढवली, ते येथे सांगण्याचे कारण नाही. मुनीमजींनी पावतीपुस्तक पुढे ओढून विचारले, “नाव?”

मी दादाजींचे नाव सांगितले. खाते त्यांचे, इच्छा त्यांची. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि वडिलांचे नाव सांगितले.

“कर्ज ज्याचे, पावती त्याची,” त्या मला हळूच म्हणाल्या. “दादाजींवर कसले देणे होते? त्यांचे तर येणे होते. छत्तीस वर्षे ओझे वाहिले ते तुझ्या वडिलांनी.”

नोंद पाहिल्यापासून माझ्या मनात वडिलांविषयी एक कठोर शब्द तयार होता. मी तो उच्चारला नव्हता इतकेच. पावतीवरची शाई वाळेपर्यंत तो निघून गेला. ‘तुझे वडील त्या रात्री जेवले नव्हते’ हे बाईंनी मला पावसाळ्यातच सांगितले होते. मी ते ऐकले होते, जमेला धरले नव्हते.

संध्याकाळ झाली. बार्शीत आता गादीवर पांढरी चादर अंथरली असेल, समया लागल्या असतील. फोन वाजला. चिरंजीवांचा आवाज थोडा कापरा होता. “पप्पा, मुहूर्त होतोय. ‘श्री’च्या ओळी किती? व्हिडिओवर तुम्ही समोर बसा ना.”

मी बाईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. मी म्हटले, “ओळी नऊ. बाकी तुला ठाऊक आहे. मी समोर बसलो तर ती माझीच पूजा होईल.”

तो क्षणभर थांबला. “बरं,” म्हणाला. फोन ठेवल्यावर माझे हात रिकामे वाटले. त्या घटकेला कुंकवात बोट बुडवण्याची सवय हाताला होती.

रात्र जपाची होती. आपल्या रीतीप्रमाणे आरंभी प्रभूंचे ‘सर्वज्ञ’ म्हणून स्मरण, मध्यरात्री ‘पारंगत’, पलीकडे पोहोचलेले, म्हणून स्मरण आणि पहाटे गौतमस्वामींचे ‘सर्वज्ञ’ म्हणून. एका रात्रीत जप बदलतो, कारण त्या रात्रीत जग बदलले. आदल्या संध्याकाळी ज्यांना गुरू होते, त्यांना पहाटे गुरू नव्हते.

गौतमस्वामी त्या वेळी तेथे नव्हते. देवशर्मा नावाच्या ब्राह्मणाला प्रतिबोध देण्यास प्रभूंनीच त्यांना पाठवले होते. तीस वर्षे सावलीसारखा राहिलेला शिष्य अखेरच्या घटकेला दूर! परतताना वाटेत बातमी कळली. त्यांनी लहान मुलासारखा विलाप केला. आणि त्या विलापातूनच त्यांच्या ध्यानात आले की प्रभूंवरचे हे प्रेमदेखील एक बंधनच आहे. ते सुटले आणि पहाटे केवलज्ञान झाले. म्हणून नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आपण गौतमस्वामींचे नाव घेतो. जो त्या दिवशी तेथे पोहोचू शकला नाही, त्याच्या नावाने आपले वर्ष उघडते.

दादाजींची मला त्या वेळी फार आठवण झाली. ते तेहतीस वर्षे पोहोचले नाहीत. मी पोहोचलो, तेही बाईंनी व्याज मागितले म्हणून. माळ संपली तेव्हा पूर्वेला उजेड होत होता. वीर निर्वाण संवत २५५१ लागले होते.

ज्ञानपंचमी

परतीच्या गाडीत जागाच जागा होती. सारा बिहार छठसाठी घरी होता. कार्तिक शुद्ध पंचमीला आम्ही बार्शीत होतो. हाही असाच दोन नावांचा दिवस: उपाश्रयात ज्ञानपंचमी, बाजारात लाभपंचमी. सकाळी पोथ्यांना वासक्षेप वाहून आलो आणि दुकान उघडले.

चिरंजीवांनी मांडलेली वही पाहिली. ‘श्री’ थोड्या वाकड्या होत्या. पहिल्या पानावरील मागणे जसेच्या तसे होते. पुढच्या पानावर त्याने ‘पावापुरी’ असे नवे खाते घालून ठेवले होते. रक्कम मी भरावी म्हणून जागा कोरी होती.

मी लेखणी उचलली तेव्हा बाई म्हणाल्या, “त्यात काही जमा करू नको. साठवले की राहून जाते.”

मग मी जुन्या खतावणीतील त्या पानावर, वडिलांच्या नोंदीखालच्या रेघेखाली, मिती घालून लिहिले: ‘मुद्दल पोहोचले. व्याज पोहोचले.’ नव्या वहीतील कोऱ्या जागेत चिरंजीवांनी रकमेऐवजी पुढच्या अमावास्येची तारीख लिहिली आणि तिच्यापुढे आपल्या आईचे नाव घातले. त्या संध्याकाळी ती गादीवर नसेल. घरचे दिवे तो लावणार आहे.